यहुदी दफनभूमि आणि रंगभूमीवरील नांवें

प्रस्तुत लेखाचा विषय लहान आहे. परंतु तो संग्राहकांच्या उपयोगी पडेल असें वाटल्यावरून आम्ही तो वाचकांपुढें ठेवीत आहों. मुंबईच्या रंगभूमीवर व चित्रपटांत कीर्ति मिळविलेल्या यहुदी कलावंतांच्या कबरींचा शोध घेणारा मनुष्य बहुधा त्यांचें प्रसिद्ध नांव घेऊन दफनभूमींत जातो आणि रिकाम्या हातानें परततो. कबर नाहींशी झाली, असा याचा अर्थ नेहमींच होत नाहीं. जाहिरातींत छापलेलें नांव निराळें आणि शिलेवर कोरलेलें निराळें, हें याचें मुख्य कारण होय. तेव्हां अशा शिला कशा वाचाव्या, एवढेंच येथें सांगावयाचें आहे.

विषय कोंकण-मुंबईचा असला तरी अहमदनगराशीं (आतांच्या अहिल्यानगराशीं) त्याचा संबंध आहे. ज्या अलिबाग-चेऊल टापूंत बेने इस्राएल लोक राहत, त्यांतील चेऊल हें सोळाव्या शतकांत निजामशाहीचें प्रमुख बंदर होतें. यहुदी वंशांत जन्मलेला पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता याचा बुऱ्हाण निजामशहाशीं चांगला परिचय होता. त्याचा वनौषधींवरील संवादरूप ग्रंथ इ. स. १५६३ मध्यें गोव्यास छापला गेला. इ. स. १५६८ मध्यें तो वारला. आणि तो गुप्तपणें यहुदी धर्म पाळीत होता असें ठरवून इ. स. १५८० मध्यें गोव्याच्या धर्मन्यायसभेनें त्याच्या अस्थि उकरून जाळविल्या. आज ग्रंथ उपलब्ध आहे, कबर नाहीं. दगड टिकतो आणि कागद जातो, हा समज सर्वत्र खरा धरतां येत नाहीं, तो असा.

बेने इस्राएलांची सर्वांत जुनी मानलेली दफनभूमि अलिबागजवळ नवगांव येथें आहे. गलबत फुटून सात पुरुष व सात स्त्रिया वांचल्या, बाकीच्यांस तेथें मूठमाती दिली, अशी त्यांची परंपरागत कथा आहे. तेथील उंचवट्यांवर प्राचीन लेख नाहीं. म्हणून ही कथा परंपरा म्हणूनच नमूद करावी, काळाचें प्रमाण म्हणून नव्हे. हे लोक तेलाचा धंदा करीत व शनिवारीं घाणा बंद ठेवीत, त्यावरून त्यांस ‘शनवार तेली’ म्हणत. हिब्रू लेखनवाचनाचा प्रसार त्यांच्यांत पुढें झाला. डॉ. जॉन विल्सन यांचें मराठींतील हिब्रू व्याकरण इ. स. १८३२ चें आहे. यावरून जुन्या कबरीवर अक्षरें नसल्यास आश्चर्य मानूं नये.

आतां नांवांचा विचार करूं. चेऊलकर, पेणकर, किहीमकर हीं आडनांवें गांवांवरून पडलेलीं आहेत. व्यक्तिनामें मात्र दोन रूपांत आढळतात. मुंबईचें शाआर हारहमीम हें सभास्थान इ. स. १७९६ मध्यें ज्यानें बांधलें, तो सामाजी हसाजी दिवेकर. यांतील सामाजी म्हणजे शमुएल आणि हसाजी म्हणजे यहेज्केल. मराठी दप्तरांत पहिलें रूप येईल. हिब्रू लेखांत ‘अमक्याचा पुत्र अमका’ एवढेंच येऊन आडनांव गळण्याचा संभव असतो. हीं दोन माणसें समजल्यास वंशावळ चुकलीच.

कालगणनेंत दुसरी अडचण आहे. हिब्रू अक्षरांस अंकांचें मूल्य असतें आणि वर्ष देतांना पांच हजारांचा अंक बहुधा गाळतात. समजा, शिलेवर ताव, शीन व हेत हीं अक्षरें आहेत. ताव ४००, शीन ३००, हेत ८, मिळून ७०८. म्हणजे यहुदी वर्ष ५७०८. या ७०८ मध्यें १२४० मिळविले असतां इ. स. १९४८ येतो. परंतु यहुदी वर्ष तिश्री महिन्यांत, म्हणजे सप्टेंबर-आक्टोबरांत सुरू होतें. सबब तेव्हांपासून डिसेंबरअखेरची तिथि असेल तर १९४७ धरावें. शालिवाहन शकांत हेंच वर्ष १८६९ व १८७० यांत विभागतें. शिवाय यहुदी दिवस सूर्यास्तापासून मोजतात. म्हणून संध्याकाळच्या मृत्यूस दुसऱ्या दिवसाची तिथि पडते. पुष्कळ शिलांवर शेवटीं पांच अक्षरें असतात. तीं मृताच्या आत्म्यास चिरजीवन इच्छिणाऱ्या वाक्याचीं आद्याक्षरें होत. त्यांस वर्ष समजून बेरीज करूं नये.

आतां कलावंतांकडे वळूं. ‘सुलोचना’ म्हणजे पुण्यास जन्मलेल्या रूबी मायर्स, त्यांस इ. स. १९७३ चें फाळके पारितोषिक मिळालें व इ. स. १९८३ मध्यें त्या वारल्या. ‘प्रमिला’ म्हणजे एस्तर व्हिक्टोरिया अब्राहम. ‘नादिरा’ म्हणजे फ्लॉरेन्स एझिकेल. या दोघीही इ. स. २००६ मध्यें निवर्तल्या. ‘आलम आरा’ हा इ. स. १९३१ चा पहिला हिंदी बोलपट ज्यांच्या नाटकावरून झाला, ते जोसेफ डेव्हिड आडनांवानें पेणकर होते. नुसत्या ‘डेव्हिड’ या नांवानें ओळखले जाणारे नट म्हणजे डेव्हिड अब्राहम चेऊलकर, ते इ. स. १९८२ मध्यें टोरोंटो येथें वारले. यांपैकीं प्रत्येकाचें दफन अमुक ठिकाणींच झालें असें गृहीत धरूं नये. आधीं जन्मनांव, मग पित्याचें नांव, मग समाज, या क्रमानें जावें.

समाजाचा प्रश्न महत्त्वाचा आहे. बगदादी यहुदी व बेने इस्राएल यांचीं सभास्थानें निराळीं होतीं, आणि भेद मृत्यूनंतरही राहिला. इ. स. १८३६ मध्येंच बगदादी पुढाऱ्यांनीं मुंबईच्या सामाईक दफनभूमींत मध्यें भिंत घालण्याची मागणी केली होती. पुढें इ. स. १८७८ मध्यें चिंचपोकळीची दफनभूमि एलियास डेव्हिड ससून यांनीं पुत्र जोसेफ याच्या स्मरणार्थ दिली. सुलोचना बगदादी वंशाच्या, पेणकर बेने इस्राएल. तेव्हां दोघांचा शोध एकाच आवारांत करणें व्यर्थ होय.

इ. स. १९४८ मध्यें इस्राएल राष्ट्र स्थापन झाल्यानंतर बहुतेक कुटुंबें तिकडे गेलीं. कोंकणांतील कित्येक दफनभूमींजवळ शिला वाचून दाखविणारें माणूस आतां उरलें नाहीं. आणि पावसाळा दरवर्षीं कांहीं अक्षरें पुसतो आहे. म्हणून आमची वाचकांस विनंति आहे कीं, अशी भूमि आढळल्यास विश्वस्तांची परवानगी घेऊन प्रत्येक शिलेची छायाचित्रें तिरप्या उन्हांत घ्यावीं, अक्षरें जशीं दिसतील तशींच उतरावीं, शंकित अक्षर शंकित म्हणूनच लिहावें, आणि तीं सभास्थानांच्या नोंदवह्या, विवाहपत्रें व नाटकांच्या हस्तपत्रकांशीं ताडून पाहावीं. रंगभूमीवर ज्यांनीं दुसऱ्यांचीं नांवें धारण केलीं, त्यांस त्यांचें स्वतःचें नांव परत मिळवून देणें हें इतिहासाचेंच काम आहे.