गेटवेवरचा सोमवार

पहाटे 5:50. मानखुर्द. चार्जरवरच्या बॅटऱ्या एकेक करून निघतात. कॅमेऱ्याच्या दोन, प्रिंटरच्या दोन. दादा त्या हातात घेऊन बघतात, कोमट लागली की चार्ज झाली म्हणायची. पिशवीत छोटा प्रिंटर, कागदाचा गठ्ठा, रिबिनी, नमुन्याच्या फोटोंचा अल्बम. वरून डबा, चपाती आणि भेंडी. मी पिशवी उचलून बघितली. सात-आठ किलो सहज भरेल. गेटवे ऑफ इंडियासमोर फोटो काढायला लागून दादांना बावीस वर्षं झाली. एक खांदा दुसऱ्यापेक्षा खाली आलाय.

7:20. हार्बरची लोकल सीएसएमटीला लागली. लोकलचा पास आहे, पण बसचा नाही. मे 2025 मध्ये बेस्टचं कमीत कमी तिकीट पाचाचं दहा झालं. जाऊन-येऊन वीस, महिन्याचे सव्वीस दिवस धरले तर 520. "म्हणजे सव्वीस फोटोंचा कागद," दादा म्हणतात. म्हणून चालायचं.

डी. एन. रोडच्या कमानींखालून सावलीत निघालो. मग हुतात्मा चौक, 1864 चं कारंजं. पुढे काळा घोडा, डाव्या-उजव्या हाताला जुन्या दगडी इमारती. दादांचं मत पक्कं आहे. "मुंबई कमी पैशात बघायची तर ह्या अर्ध्या तासात बघावी. टॅक्सीतून काय दिसतं? पुढच्या टॅक्सीचा टप. जहांगीर आर्ट गॅलरीला तिकीट नाही, अकराला उघडते. लोक बाहेरनंच जातात. त्यांना वाटतं, आपल्याला आत कोण सोडणार?" हे सांगताना त्यांचा आवाज जरा चढतो.

8:00. पिशवी तपासून आत. गेटवेचा दगड ऊन पडलं की पिवळा होतो. 85 फूट उंच. उद्घाटन 1924 चं. गिऱ्हाईक विचारतं म्हणून हे आकडे जिभेवर असतात. फोटोचा दर पन्नास. कागद आणि रिबीन मिळून वीस जातात.

पहिल्या तासात एकच फोटो. बाकी सगळे हातातला मोबाईल उंच धरून.

9:10. लातूरकडचं कुटुंब. नवरा-बायको, दोन पोरं, आजी. कल्याणला नातेवाइकांकडे उतरलेत.

"दादा, एलिफंटाचं तिकीट कुठं मिळतंय?"

"आज सोमवार. लेणी बंद असतात."

आजी तिथंच कट्ट्यावर बसल्या. पहाटे चारला उठून आलेली माणसं. बोटीची फेरी मारून आणतो म्हणणारे दोघं-तिघं लगेच भोवती आले. दादांनी त्यांना हाताने थांबवलं. "उद्या आहात ना? मग आज पैसे घालवू नका. उद्या नऊच्या सुमाराला पहिली बोट. जायला तासभर. येण्या-जाण्याचं तिकीट एकच. लेण्याचं माणशी चाळीस, पंधराच्या आतल्या पोरांना माफ. पायऱ्या शंभराच्या वर आहेत, आजींना सावकाश न्या. पण ते चाळीस वाचवू नका. भली मोठी त्रिमूर्ती आहे, एकाच दगडातली. माणसं टॅक्सीला हजार देतात आणि लेणं महाग म्हणून सोडतात."

हे मला पटलं. काटकसर म्हणजे काय सोडायचं हे ठरवणं, आणि ते ठरवायला ठिकाण ठाऊक असलेलं माणूस लागतं.

मग फोटो. आजींना मध्ये घेतलं, कमान पूर्ण बसेपर्यंत दादा मागे सरकत गेले, शेवटी गुडघ्यावर. प्रिंटर कट्ट्यावर ठेवला. कागद बाहेर आला तो नुसता पिवळा. पुन्हा आत गेला, लाली चढवून आला. तिसऱ्यांदा निळा रंग बसला की चेहरे जिवंत होतात, चौथ्यांदा वरून पारदर्शक थर. एवढं सगळं मिनिटाच्या आत. धाकट्या पोराला तेवढा धीर नव्हता. पहिल्याच खेपेला, पिवळा कागद दिसताच त्याने ओढला. खर्रर्र. वीस रुपये गेले.

बाप पाकीट काढायला लागला. "राहू द्या हो," दादा म्हणाले, आणि दुसरा कागद घातला.

ह्या कागदाच्या पाठीवर पोस्टकार्डासारख्या रेघा छापलेल्या असतात. पिवळ्या फोटोत पाच माणसांच्या नुसत्या सावल्या होत्या. दादांनी तो उलटा केला आणि बॉलपेनने लिहून दिलं: 'आज – जहांगीर (फुकट). मरीन ड्राइव्ह, ऊन उतरल्यावर. चर्चगेट ते दादर लोकल, तिथून कल्याण. उद्या – 8:45 ला इथे.' आजींनी दोन्ही फोटो पिशवीत घातले, चांगला आणि पिवळा.

1:30. डबा. कट्टा तापलाय, म्हणून झाडाखाली. पाणी घरचं. बाटलीचे वीस रुपये दादा कुणालाच खर्चू देत नाहीत, गिऱ्हाइकालाही नाही. दोन तास काही नाही.

4:45. गर्दी उसळली. शाळेची सहल, नवी जोडपी, ताज हॉटेल मागे आलंच पाहिजे म्हणणारे. दीड तासात एकवीस फोटो. दादा बोलत नाहीत, फक्त "थोडं डावीकडे", "चष्मा काढा". एका जोडप्याचा फोटो अर्ध्यात असताना बॅटरी संपली. तोही कागद गेला.

8:10. हिशोब. छत्तीस कागदांची एक रिबीन संपली. चौतीस विकले, 1700 आले. सामानाचे 720 गेले, चहाचे चाळीस. उरले 940. शनिवार-रविवारी याच्या दुप्पट होतात. पावसाळ्यात काही दिवस शून्य.

8:50. परत त्याच वाटेने सीएसएमटी. 1887 ची ती इमारत दिव्यांत उजळलेली. रस्त्यापलीकडे माणसं मोबाईल धरून उभी. दादा क्षणभर थांबले, एका मुलाला म्हणाले, "दोन पावलं मागे जा, घुमट येईल." तो गेला. घुमट आला.

9:14 ची पनवेल. बसायला जागा नाही. पिशवी रॅकवर. जोडप्याचा अर्धा राहिलेला फोटो दादांनी अल्बमच्या शेवटच्या कप्प्यात सरकवला, कोरी बाजू वर करून, पेन त्याला अडकवून.