कॅमेऱ्याची वायर जाते कुठे? स्विच बसवताना एवढं विचारा

ग्रामपंचायत असो, पतसंस्था असो की दूध संकलन केंद्र, हल्ली कॅमेरे, कॉम्प्युटर, प्रिंटर, वायफाय या सगळ्यांच्या वायरी कोपऱ्यातल्या एकाच डबीत येतात. तिला नेटवर्क स्विच म्हणतात. बहुतेक ठिकाणी ही डबी साधी असते. वायर खोचली की झालं काम. पण साध्या स्विचवर सगळी यंत्रं एकाच खोलीत बसल्यासारखी असतात. गेटवरच्या कॅमेऱ्यात कोणी शिरला, तर तिथून तो हिशोबाच्या कॉम्प्युटरचं दार ठोठावू शकतो.

ही नुसती भीती नाही. २०१६ साली ‘मिराई’ नावाच्या व्हायरसने जगभरातले लाखो कॅमेरे, डीव्हीआर, राउटर ताब्यात घेतले होते. कारण साधंच, कंपनीचा मूळ पासवर्ड लोकांनी बदललाच नव्हता.

‘मॅनेज्ड’ स्विच थोडा महाग पडतो, पण त्यात ‘व्हीलॅन’ची सोय असते. एकाच वाड्यात भिंती घालून भावांनी वेगळ्या चुली मांडाव्यात, तसं. कॅमेरे एका भागात, हिशोब दुसऱ्या, येणाऱ्या-जाणाऱ्यांचं वायफाय तिसऱ्या. डबी एकच. शिवाय कोणत्या पोर्टवर कोणतं यंत्र चालेल हे ठरवून देता येतं. बाहेरच्या भिंतीवरच्या कॅमेऱ्याची वायर काढून कोणी लॅपटॉप लावला, तर ते पोर्ट बंद पडतं. यंत्राचा नंबर नकली करणारेही असतात म्हणा, पण सहज जाता जाता कोणाला जमत नाही.

आपल्याकडे खरी कामाची गोष्ट म्हणजे पीओई. (काही साध्या स्विचमध्येही ती मिळते.) यात डेटाच्या वायरीतूनच कॅमेऱ्याला वीज जाते, १०० मीटरपर्यंत. म्हणजे लाईट गेली तरी स्विच, राउटर आणि रेकॉर्डर इन्व्हर्टरवर असले की कॅमेरे चालू. मात्र वॅटचा हिशोब बघा. जुन्या मापाने एका पोर्टला जास्तीत जास्त १५.४ वॅट मिळतात, पण सगळ्या पोर्टांची बेरीज डबीला पेलेलच असं नाही. डबी एकूण ६५ वॅटची आणि १० वॅटचे ८ कॅमेरे लावले, तर रात्री कॅमेऱ्यांचे दिवे लागले की एखादा बंद पडणारच. मग लोक कॅमेऱ्याला नावं ठेवतात.

आणि महाग स्विच आणून तसाच जोडला, तर तो साध्यासारखाच चालतो. व्हीलॅन कोणीतरी करून द्यावी लागते. त्यामुळे बिल देण्याआधी बसवणाऱ्याला समोर बसवून भाग पाडून घ्या, मूळ पासवर्ड बदलून घ्या आणि नवा पासवर्ड कागदावर लिहून कपाटात कुलपात ठेवा. तो फक्त बसवणाऱ्याच्याच मोबाईलमध्ये नको.