पेनाचा रंगही तपासावा लागतो

मे १९९९. इंडोनेशियात ७ जूनला १९५५ नंतरची पहिली मुक्त निवडणूक आहे. रिंगणात ४८ पक्ष. हुकूमशहा सुहार्तो पायउतार होऊन वर्ष झालंय, पण तीन दशकांची धास्ती गेलेली नाही. मध्य जावातल्या एखाद्या मतदार-सर्वेक्षणाच्या पर्यवेक्षिकेचा दिवस साधारण असा जातो.

सकाळी ६ : मुलाखतकारांच्या पिशव्या, शर्ट, पेनं तपासायची. पिवळा रंग सुहार्तोंच्या गोल्कार पक्षाचा, हिरवा पीपीपी या पक्षाचा, लाल विरोधी नेत्या मेगावतींच्या पक्षाचा. १९९० मध्ये निकाराग्वात निवडणुकीआधी संशोधकांनी पेनामुळे उत्तरं बदलतात का, यावर प्रयोगच केला होता. विरोधकांचं पेन हाती असलेल्या मुलाखतकाराला लोकांनी विरोधी उमेदवार चामोरोंचं नाव जास्त सांगितलं. पक्षाचं नाव नसलेलं पेन पाहिलं, तरी सत्ताधारी ओर्तेगाच पुढे. प्रत्यक्ष निवडणूक मात्र जिंकल्या चामोरो. म्हणजे नुसतं तटस्थ दिसून भागत नाही.

सकाळी ७ : वस्तीच्या प्रमुखाला पत्र दाखवायचं. त्याच्याकडून घरांची यादी घ्यायची, पण ‘या घरी जा, चांगलं बोलतात’ हा सल्ला नम्रपणे नाकारायचा. घरं चिठ्ठीनंच ठरणार.

सकाळी ९ : कुटुंबातलं कोण बोलणार, हे किश तक्ता, म्हणजे घरातल्यांतून एकाची निवड करून देणारी सारणी, ठरवतो. निवड सुनेची झाली आणि सासरे उत्तरं देऊ लागले, तर त्यांना आदरानं थांबवायचं. तिचं मत तिच्याच तोंडून हवं.

दुपारी १ : ‘मत कोणाला?’ हे मोठ्यानं विचारायचं नाही. नमुना मतपत्रिका द्यायची, पाठ फिरवायची, बंद पाकीट घ्यायचं. पाकिटावर नाव नाही.

संध्याकाळी ६ : सकाळी शेतावर गेलेल्यांकडे पुन्हा फेरी. सोय म्हणून त्यांच्या जागी शेजारच्याला घ्यायचं नाही. नाहीतर नमुन्यात फक्त घरी बसणारेच उरतील.

रात्री ९ : भरलेल्या प्रश्नावल्या तपासायच्या. ‘माहीत नाही’ हेही उत्तरच. ते खोडून अंदाज लिहिलेला चालत नाही. एका मुलाखतकाराच्या सगळ्या मुलाखती झटपट उरकलेल्या, उत्तरंही एकसारखी. उद्या त्या घरांत पर्यवेक्षिका स्वतः जाईल, गरज पडली तर सगळ्या मुलाखती नव्यानं होतील. वेळापत्रक मागे पडेल, पण इतक्या वर्षांनी मोकळेपणानं बोलू लागलेल्या माणसाच्या नावावर दुसऱ्याचं उत्तर चढवणं तिला मान्य नाही.