छापखान्यातली कात्री

१७६४ साली दनी दिदरोला तो संपादित करत असलेल्या फ्रेंच ज्ञानकोशातल्या, अरबी तत्त्वज्ञानावरच्या आपल्याच लेखात काहीतरी पाहायचं होतं, म्हणून त्यानं छापून झालेले फर्मे काढले. लेख मधूनमधून कापलेला होता. मग दुसरा चाळला, तिसरा चाळला. तिथेही तेच.

पंधरा वर्षांहून अधिक काळ या ज्ञानकोशानं त्याला पिळून काढलं होतं. सुरुवात अगदी साधी होती. ल ब्रतों या पॅरिसच्या छापखानेवाल्याला एक इंग्रजी कोश फ्रेंचमध्ये आणायचा होता, एवढंच. दिदरो आणि गणिती दालांबेर संपादक झाले आणि काम हाताबाहेर वाढलं. पहिला खंड १७५१चा. पुढच्याच वर्षी पहिल्या दोन खंडांवर बंदी आली, १७५९मध्ये राजानं परवानाच काढून घेतला. दालांबेर त्याआधीच कंटाळून बाजूला झाला होता. सरकारी ग्रंथनियंत्रक मालझर्ब मात्र अजब माणूस. कागद जप्त होणार हे त्यानं दिदरोला आधीच कळवलं आणि ते दडवायला जागा दिली ती स्वतःच्या घरात; दिदरोच्या मुलीनं हे लिहून ठेवलं आहे. झडती तिथे कोण घेणार?

परवाना गेल्यावर उरलेले दहा खंड गुपचूप तयार झाले, ते मुख्यतः शव्हालिए द झोकूरच्या जिवावर. हा लायडनला वैद्यक शिकलेला. स्वतःचा सहा खंडांचा वैद्यककोश त्यानं छापायला ॲमस्टरडॅमला धाडला, तर जहाजच बुडालं. या ज्ञानकोशासाठी त्यानं सुमारे सतरा हजार नोंदी लिहिल्या, म्हणजे जवळजवळ चौथा हिस्सा, तोही बिनपगारी. लेखनिकांचे पगार भागवायला पॅरिसमधलं घर विकलं, आणि घेतलं कुणी? ल ब्रतोंनंच. दिदरो झोकूरला घाण्याचा बैल समजून हसायचा. मला हे हसणं आवडत नाही. घाणा कुणी ओढला नसता तर तेल कुठून निघालं असतं?

तर कात्री ल ब्रतोंची होती. दिदरोनं शेवटचं प्रूफ पाहून 'छापा' म्हटलं की हा आपल्या फोरमनला घेऊन बसायचा आणि धर्माला किंवा सरकारला झोंबेल असं वाटलं ते काढायचा. मूळ हस्तलिखितं जाळायचा, म्हणजे पुन्हा जुळवायची सोयच नाही. दिदरो संतापानं रडला, पण वर्गणीदार सुमारे चार हजार, पैसा अडकलेला. काम सोडता येईना. १७६५-६६मध्ये दहाही खंड एकदम बाहेर पडले, मुखपृष्ठावर पॅरिसऐवजी नॉशातेल गावाचं नाव घालून. काटछाट करूनही ल ब्रतोंची सुटका झाली नाही: व्हर्सायला प्रती पोचवल्या म्हणून १७६६मध्ये त्याला बास्तीयच्या तुरुंगात आठवडा काढावा लागला.

चित्रांचे खंड १७७२पर्यंत येत राहिले. हस्तलिखितं राख झाली, पण कापलेल्या मजकुराची काही प्रुफं तेवढी वाचली. ती एका जाड खंडात बांधलेली विसाव्या शतकात सापडली. रेघा मारून खोडलेल्या ओळी त्यात अजून वाचता येतात.