घरावरील सौरवीज आणि गांवच्या तारांतील दाब

घरांच्या छपरांवर सौर पॅनेल बसवून वीज उत्पन्न करण्याची चाल आतां खेड्यांतहि पसरूं लागली आहे. इ. स. २०२४ मध्यें केंद्र सरकारनें 'पीएम सूर्य घर : मुफ्त बिजली योजना' सुरू केली, एक कोटि घरांचें उद्दिष्ट पुढें ठेविलें, आणि तीन किलोवॅट किंवा त्याहून मोठ्या संचास ७८,००० रुपयांचें साहाय्य देऊं केलें. संच घेतांना शेतकरी किंमत, कर्ज व मीटर यांची कसून चौकशी करितो. परंतु ज्या तारांवरून ही वीज जावयाची त्या तारांची चौकशी क्वचितच होते. ऐन दुपारीं, ऊन कडक असतां, संच आपोआप बंद पडतो. आणि सायंकाळीं त्याच घरांत पंखा मंद फिरतो. या दोन्ही गोष्टींचें मूळ एकच आहे. तें मूळ कोणतें व त्यावर इलाज काय, याचा विचार येथें करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

दाब कां उतरतो :— तारेंतून वीज वाहते ती दाबामुळें. हा दाब व्होल्टांत मोजतात. घरगुती विजेचा आपल्याकडील ठरीव दाब २३० व्होल्ट आहे. प्रत्येक तारेस कांहीं रोध असतो, व प्रवाह वाहूं लागला कीं कांहीं दाब तारेंतच खर्ची पडतो. लांब पाटाच्या शेवटल्या वाफ्यास पाणी अपुरें पोंचावें, तसाच हा प्रकार आहे. ओळीच्या टोंकाला ज्यांची विहीर आहे त्यांना याचा अनुभव निराळा सांगावयास नको. दाब दहा टक्क्यांनीं उतरला म्हणजे मोटरीचा फिरविण्याचा जोर जवळजवळ पांचव्या हिश्शानें घटतो; तरी पाणी तर उपसावयाचेंच असतें, म्हणून मोटर अधिक प्रवाह ओढते, तापते व शेवटीं जळते.

दाब कां चढतो :— पाटाची उपमा येथवरच चालते. वाफ्यांतील पाणी पाटांत मागें फिरत नाहीं. तारेंतील वीज मात्र फिरते. घरचा संच खपापेक्षां जास्त वीज करूं लागला म्हणजे उरलेला प्रवाह घराकडून रोहित्राकडे, म्हणजे ज्यास आपण डी. पी. म्हणतों त्याकडे, वाहूं लागतो. तो तसा वाहण्यासाठीं घराजवळचा दाब रोहित्राच्या दाबाहून जास्त व्हावा लागतो. सायंकाळीं जो रोध दाबाला खालीं ओढतो, तोच दुपारीं त्याला वर चढवितो. त्यांतून खेड्याची रीत अशी कीं, दुपारीं माणसें शेतावर असतात व घरांतील खप थोडा असतो. शेतीपंपांच्या वाहिन्या बहुतेक ठिकाणीं गांवठाणाच्या वाहिनीपासून निराळ्या केलेल्या आहेत; त्यामुळें पंपांचा खपहि या तारांवर येत नाहीं.

हिशेब :— समजा, रोहित्रापासून अर्ध्या किलोमीटरवर एक घर आहे. खांबांवरील तार 'वीझल' जातीची असेल तर तिचा रोध किलोमीटरला सुमारें ०.९ ओहम असतो. म्हणजे एका तारेचा ०.४५ व परतीच्या न्यूट्रल तारेसह ०.९ ओहम. घरावर पांच किलोवॅटचा सिंगल फेज संच असून तो भर उन्हांत सुमारें २० अँपिअर प्रवाह बाहेर पाठवितो. वीस गुणिले ०.९, म्हणजे दाब १८ व्होल्टांनीं चढला. रोहित्रापाशीं २४० व्होल्ट असतील तर घराजवळ २५८ होतात. सायंकाळीं त्याच घरीं २० अँपिअर खप झाला तर २२२ व्होल्ट उरतात. एकाच दिवसांत ३६ व्होल्टांचें अंतर पडलें!

आतां हाच पांच किलोवॅटचा संच थ्री फेज असता तर प्रत्येक फेजमध्यें सुमारें ६.७ अँपिअर प्रवाह गेला असता, आणि तिन्ही फेज सारखे असल्यामुळें न्यूट्रलमधून कांहींच परतलें नसतें. तेव्हां दाब ०.४५ च्या हिशेबानें केवळ ३ व्होल्ट चढला असता. सहांतील पांच हिस्से अडचण एवढ्यानेंच दूर झाली असती.

संच बंद कां पडतो :— केंद्रीय विद्युत् प्राधिकरणाच्या इ. स. २०१३ च्या नियमांनीं असें ठरविलें कीं, दाब ठरीव दाबाच्या ११० टक्क्यांवर गेला तर संचानें दोन सेकंदांच्या आंत तारांपासून वेगळें व्हावें. २३० चे ११० टक्के म्हणजे २५३ व्होल्ट. म्हणून वरील उदाहरणांतील घर दुपारीं वारंवार बंद पडेल. येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. आपल्याकडील लहान रोहित्रें ११,००० व्होल्टांवरून ४३३ व्होल्टांवर दाब आणणारीं असतात. ४३३ व्होल्ट हा दोन फेजांमधील दाब. एका फेजचा हिशेब केल्यास तो २५० होतो. तारेंत खप होऊन दाब उतरणारच, हें गृहीत धरून ही योजना झालेली आहे. ज्या दुपारीं खप नाहीं आणि मुख्य वाहिनीवर दाब पुरा आहे, त्या दुपारीं रोहित्रापाशींच २५० व्होल्ट असणार, आणि संचास वर चढण्यास तीनच व्होल्टांची जागा राहणार.

याचा भार सर्वांवर सारखा पडत नाहीं. रोहित्राजवळच्या घराचा संच दिवसभर चालतो. टोंकाच्या घराचा संच, तेवढीच किंमत देऊनहि, ऐन कमाईच्या वेळीं बंद पडतो. पाटाच्या टोंकाला असलेल्या शेतकऱ्यास जें दुःख पाण्याचें, तेंच आतां विजेचें होऊं पाहत आहे.

इलाज :— कांहीं रोहित्रांस दाब कमीजास्त करण्याच्या टॅप असतात. परंतु वीज बंद करूनच त्या बदलाव्या लागतात. दिवसांतून दोनदा तें होणें नाहीं. दुपारसाठीं टॅप उतरविली तर सायंकाळीं टोंकाच्या घरीं दाब अधिकच पडतो, आणि सायंकाळसाठीं चढविली तर दुपारचे संच बंद पडतात. वीज चालू असतांनाच आपोआप टॅप बदलणारीं रोहित्रें निघालीं असून जर्मनींत तीं कांहीं ठिकाणीं बसविलेलीं आहेत. मात्र त्यांची किंमत बरीच पडते.

दुसरा इलाज तार जाड करण्याचा, व त्याहून चांगला तार आंखूड करण्याचा. ११,००० व्होल्टांची वाहिनी वस्तीजवळ नेऊन तेथें लहान रोहित्र बसविलें म्हणजे दाबाचा चढ व उतार दोन्ही घटतात. महाराष्ट्रांत इ. स. २०१८ पासून उच्चदाब वितरण प्रणालीखालीं शेतीपंपांसाठीं हेंच धोरण धरलें गेलें.

तिसरा इलाज खुद्द संचाच्या इन्व्हर्टरमध्यें आहे. पंपाला कॅपॅसिटर लावल्यानें दाब सुधारतो हें बागाईतदारांस ठाऊक आहे. इन्व्हर्टर याच्या उलट काम करूं शकतो. म्हणजे दाब चढूं लागला कीं तारेंतून 'रिॲक्टिव्ह' प्रवाह ओढून तो थोडा खालीं आणतो. ऑस्ट्रेलियांत, जेथें इ. स. २०२४ अखेर ४० लाखांहून अधिक छपरांवर असे संच होते, डिसेंबर २०२१ पासून नव्या इन्व्हर्टरांस हा गुण सक्तीचा झाला. देशाच्या बहुतेक भागासाठीं नियम असा कीं, २४० व्होल्टांपासून हें ओढणें सुरू होऊन २५८ पर्यंत तें क्षमतेच्या ६० टक्क्यांवर जावें. आणि २५३ व्होल्टांपुढें संचानें एकदम बंद न पडतां उत्पन्न हळूहळू घटवीत २६० व्होल्टांस २० टक्क्यांवर आणावें. मात्र बारीक तारेंत साधा रोध प्रधान असल्यामुळें या उपायाचा गुण बेताचाच येतो, हेंहि सांगितलें पाहिजे.

शेतकऱ्यानें काय करावें :— पहिली गोष्ट, खांबापासून घरापर्यंतची केबल पाहावी. ती ॲल्युमिनिअमची ४ चौरस मिलिमीटर जाडीची व ३० मीटर लांब असेल, तर २० अँपिअरला तीतच सुमारें ९ व्होल्ट चढतात. १६ चौरस मिलिमीटरची घातली तर सव्वादोन व्होल्टांवर भागतें. थोड्या खर्चांत एवढा लाभ देणारा दुसरा उपाय आम्हांस दिसत नाहीं.

दुसरी गोष्ट, मोठा संच घ्यावयाचा असल्यास थ्री फेज जोडणी मिळते काय हें आधीं विचारावें. सिंगल फेजच घ्यावा लागला तर आळींतील सगळे संच एकाच फेजवर न येतील असें पाहावें.

तिसरी गोष्ट, वीज दुपारीं घरींच वापरावी. पाणी तापविणें, पिठाची गिरणी, कडबाकुट्टी, घरच्या टाकींत पाणी चढविणें हीं कामें अकरा ते तीनच्या दरम्यान केलीं तर तेवढा प्रवाह बाहेर जात नाहीं, आणि दाबहि तेवढा चढत नाहीं.

चौथी गोष्ट, संच घेण्यापूर्वीं आठ दिवस दुपारीं एक वाजतां व सायंकाळीं सात वाजतां घरचा दाब मोजून वहींत लिहावा. तक्रार करावयाची झाल्यास तोंडी गाऱ्हाण्यापेक्षां या आंकड्यांचें वजन अधिक पडतें. दाब एकाएकीं फार चढउतार करूं लागला तर न्यूट्रल ढिली असण्याचा संभव असतो. तो प्रकार निराळा व धोक्याचा आहे. त्याची वर्दी ताबडतोब द्यावी.

शेवटीं एक इशारा. संच बंद पडूं नये म्हणून इन्व्हर्टरमधील मर्यादा वाढवून देणारे कारागीर भेटतात. ती मर्यादा वाढविली तर शेजाऱ्यापाजाऱ्यांचीं उपकरणें चढ्या दाबाखालीं येतात. तसेंच वीज गेली असतां संच तारांपासून तुटतो, तें खांबावर चढलेल्या मनुष्याचा जीव वांचावा म्हणून. त्या व्यवस्थेस कोणीं हात लावूं नये. रोहित्राच्या टॅपेसहि कोणीं स्वतः शिवूं नये.

एका रोहित्राखालील घरें म्हणजे एका पाटावरील शेतेंच होत. तीं जर आपापले आंकडे एकत्र करून, कोणत्या फेजवर किती संच आहेत याची यादी जोडून, सर्वांच्या सहीनें अर्ज करतील, तर तार जाड करण्याची किंवा नवें रोहित्र देण्याची मागणी टाळणें कठीण जाईल. एकट्याचा अर्ज पडून राहतो. पाटावरच्या साऱ्यांचा एक अर्ज मात्र वाचावाच लागतो, असा अनुभव पाण्याच्या बाबतींत आपल्या लोकांस आहेच. विजेच्या बाबतींतहि त्याच वाटेनें जावें, एवढें सुचवून हा लेख पुरा करितों.