बांधाची रेघ

पावसाळी रविवारी लोणावळ्याच्या भुशी धरणावर पाय ठेवायला जागा नसते. त्याच वेळी मळवलीजवळ भाजे लेण्यांच्या पायऱ्या चढून मागे वळावं, तर खाली भातलावणी चाललेली दिसते. ओणवी माणसं, पाठीवर इरलं किंवा हल्ली प्लास्टिकचा कागद. निसर्गचित्रकाराने बैठक मारावी ती इथे.

१८०४ मध्ये विल्यम वेस्टॉल हा इंग्रज चित्रकार मुंबईहून बोरघाट चढून आला. कार्ल्याची लेणीही त्याने रेखाटली. त्या काळच्या परदेशी चित्रकारांना घाटाच्या रौद्र रूपाची भूल पडे. चित्रात माणूस असलाच, तर बहुधा कड्याची उंची कळावी म्हणून. पुढे जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकून कोल्हापूरला परतलेल्या आबालाल रहिमान यांची वाट वेगळी होती. तिथल्या कोटितीर्थ तलावाचा परिसर ते पुन्हा पुन्हा रंगवत राहिले. लोणावळ्याभोवतीचा हा मावळ रंगवायला त्यांच्यासारखाच धीर लागतो.

कारण इथला डोंगर नवख्याला फसवतो. लाव्ह्याचे थर एकावर एक साचून तो घडला. म्हणून लोहगड-विसापूरच्या अंगावर कातळाच्या आडव्या पट्ट्या दिसतात. त्या चुकल्या की कागदावर मातीचा ढिगारा उरतो. पायथ्याचे बांधही आडवेच, पण उताराची पातळी धरून वळत गेलेले. वरची रेघ ज्वालामुखीची, खालची कुदळीची.

जुलैत हिरवाही एक नसतो. रोपांचा वाफा पोपटी, डोंगरावरची झाडी काळपट, आणि नुकत्याच लावलेल्या खाचरात हिरव्यापेक्षा आभाळच जास्त. जलरंगात ते चमकतं पाणी म्हणजे कोरा राखलेला कागद. धुकं हवं, तर कागद ओला असतानाच रंग सोडायचा आणि हात आवरायचा. या दमट हवेत कागद लवकर वाळत नाही. दुसरा हात देण्याआधी थांबावंच लागतं. तेवढ्यात खालची माणसं एक खाचर पुरं करून पुढच्यात उतरलेली असतात.

अलीकडे या देखाव्यात आणखी एक रेघ शिरली आहे, बंगल्यांच्या प्लॉटच्या भिंतीची. ती उताराला विचारत नाही, सरळ जाते. ती गाळली तर चित्र गोड होईल. पण शेजारचा बांध वळण का घेतो, हे तिच्याकडे पाहूनच कळतं.