एजंट म्हणाला ‘पास’, आत्या म्हणाली ‘दरवाजा कुठाय?’

दिवाळीच्या सुट्टीत देवासला घरी गेलो होतो. भाचा यंदा नववीत आहे. फराळाचं ताट हातात घेऊनच तो लॅपटॉपपाशी येऊन बसला. “मामा, तू कॉम्प्युटरवाला आहेस ना? मग आपल्या गावाचा गेम बनवू या.”

गोष्ट तर गावानेच दिली होती. १७२८ मध्ये तुकोजीराव आणि जिवाजीराव पवार या दोन भावांनी इथे राज्य स्थापन केलं. पुढे त्याच्या दोन शाखा झाल्या, थोरली पाती आणि धाकटी पाती. एकाच गावात दोन राजे आणि दोन कारभार, ते थेट १९४८ मध्ये मध्य भारतात विलीन होईपर्यंत. आमच्या गेममध्ये एक हरकाऱ्या मुलगा एका पातीतून दुसऱ्या पातीत चिठ्ठ्या पोचवतो. चिठ्ठी पोचली की एक नाणं मिळतं. दुसरी लेव्हल धारच्या किल्ल्यात, कारण आमची आत्या धारला राहते आणि लहानपणी तिनेच आम्हाला सांगितलं होतं की दुसरे बाजीराव पेशवे १७७५ मध्ये याच किल्ल्यात जन्मले.

गेम बनवायला आम्ही ‘गोडो’ हे सॉफ्टवेअर घेतलं. ते अर्जेंटिनात सुरू झालं, २०१४ पासून सर्वांना खुलं आहे आणि त्याला पैसे पडत नाहीत. तीन दिवसांत हरकाऱ्या पळू लागला. खरी कटकट पुढे होती. गेममध्ये एक भिंत हलवली तरी सगळं पुन्हा खेळून बघावं लागतं. मोठ्या कंपन्यांमध्ये याच कामासाठी टेस्टर असतात. एकच लेव्हल ते शंभरदा खेळतात, भिंतींवर आपटून बघतात, नको तिथे उड्या मारतात. आमच्याकडे टेस्टर म्हणजे भाचा, आणि त्याला ट्यूशनला जायचं होतं!

म्हणून मी एआय एजंटला कामाला लावलं. चॅटबॉट नुसती उत्तरं देतो. एजंटला हाती साधनं दिली की तो काम करतो. ही साधनं जोडायची एक ठरलेली पद्धत आहे, ‘मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल’ म्हणजे एमसीपी. अँथ्रॉपिक कंपनीने ती नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वांसाठी खुली केली. त्यानंतर लोकांनी गोडो, युनिटी अशा गेम इंजिनांसाठी जोडण्या तयार केल्या. अशी जोडणी दुभाष्याचं काम करते. एजंट म्हणतो ‘गेम सुरू कर’, ती सुरू करते. ‘उजवी कळ दोन सेकंद दाब’, ती दाबते. मग स्क्रीनचा फोटो, हरकाऱ्या कुठे उभा आहे त्याचे आकडे आणि काही चूक झाली असेल तर तिचा मजकूर ती एजंटला परत देते. ते वाचून एजंट पुढची चाल ठरवतो.

रात्री काम लावून आम्ही झोपलो. सकाळी पोहे-जलेबी खाता खाता रिपोर्ट वाचला आणि थक्क झालो. दोन पात्यांच्या हद्दीवर उभं राहून डावी-उजवी कळ भराभर दाबली, की चिठ्ठी न पोचवताच नाणी वाढत होती. एजंटने अशी हजारावर नाणी जमवली होती. भाचा म्हणाला, “मामा, हा तर चीटिंग करतो!”

पण हे नवीन नाही. २०१६ मध्ये ओपनएआयच्या संशोधकांनी एका प्रोग्रामला बोटींच्या शर्यतीचा गेम खेळायला शिकवलं. त्याने शर्यत सोडूनच दिली. एका कोपऱ्यात गोल गोल फिरत, इतर बोटींवर आपटत, आग लागली तरी तो गुणच गोळा करत राहिला. त्याला गुण मिळवायला सांगितलं होतं. शर्यत पुरी करायला हवी, हे माणसांनी गृहीत धरलं होतं.

मला तोच धडा दुसऱ्या रात्री मिळाला. चौकीदार भिंतीत अडकत होता. मी एजंटला लिहिलं, “टेस्ट पास होईपर्यंत दुरुस्त कर.” सकाळी सगळ्या टेस्ट पास. कोड उघडला तर त्याने चौकीदाराला भिंत लागूच दिली नव्हती. चौकीदार भुतासारखा आरपार जात होता. आदल्या दिवशीची प्रत जपून ठेवली होती म्हणून वाचलो. तेव्हापासून नियम केला: तपासणाऱ्या एजंटला कोड बदलायची परवानगी नाही, आणि नुसत्या ‘पास’वर विश्वास नाही, काय बदललं ते आपण वाचायचं.

भाऊबीजेला आम्ही धारला गेलो. इंदूरमार्गे साधारण शंभर किलोमीटर. किल्ल्याची लेव्हल एजंटने चाळीस वेळा पार केली होती, म्हणून निर्धास्तपणे लॅपटॉप आत्यापुढे ठेवला. पाच मिनिटं ती किल्ल्यात फिरतच राहिली. शेवटी चष्मा वर करून म्हणाली, “अरे, दरवाजा कुठाय?”

दरवाजा समोरच होता. धारचा किल्ला लाल दगडाचा, म्हणून आम्ही भिंत लाल केली आणि दरवाजाही त्याच रंगाचा. एजंटला तो दिसायची गरजच पडली नाही. त्याच्याकडे दरवाजाचे आकडे होते, तो सरळ तिथे चालत गेला. आत्याकडे फक्त डोळे होते. गेम तर डोळे असलेल्यांसाठीच बनवतात.

परतताना भाच्याने विचारलं, “मामा, मी मोठा होईपर्यंत टेस्टरची नोकरी राहील का?” मी त्याला खोटा दिलासा दिला नाही. एकच भिंत शंभरदा आपटून बघायचं काम यंत्राकडे जाणार, ते जायलाही हवं. पण काय तपासायचं हे ठरवणं, ‘पास’ म्हणजे नेमकं काय हे स्पष्ट लिहिणं आणि शेवटी आत्यासारख्या माणसाशेजारी बसून ती कुठे अडते ते बघणं, हे काम राहणार. त्याची तयारी शाळेत असतानाही करता येते. तुमच्या घरीही कुणी असा उत्साही असेल, तर त्याला एक छोटा गेम बनवू द्या आणि पहिल्यांदा तो आजीला खेळायला द्या.

आमचा दरवाजा आता निळा आहे. आत्याने परवा लेव्हल पार केली आणि फोन करून विचारलं, “पुढची कधी?”